मागून आलेले दोन नवरे

गेल्या सप्टेंबरात मी पाच आठवडे बुडापेस्टला होतो आणि तेथे माझे काहीही काम नव्हते. काम पत्नीचे होते. ऐरोलीच्या ज्या ऑफिसात ती औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासते, त्या ऑफिसाने तिला तिकडच्या शाखेत पाठवले आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेला मी तिच्याबरोबर गेलो. ही साधी हकीकत ठाण्यात परतल्यापासून मी तीसेक वेळा तरी सांगितली असेल, आणि दर वेळी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी क्षणभर गोंधळ आणि मग मिश्कील हसू उमटते. "म्हणजे वहिनी कामावर आणि तुम्ही हिंडताय? मजा आहे बुवा!" नौपाड्यातल्या एका लग्नात तर एका लांबच्या मेहुण्यांनी "निदान स्वयंपाक तरी करत होता ना?" असे चार माणसांत विचारले. करत होतो. पण ही पोस्ट त्याविषयी नाही.

आमच्या सोसायटीतल्या कितीतरी घरांतल्या मुली आणि सुना नवऱ्याच्या नोकरीमागे परदेशी गेल्या, तिकडे महिनोन्‌महिने राहिल्या, आणि त्यांचे जाणे कोणाला चमत्कारिक वाटले नाही. नवरा सकाळी आठला गेल्यावर संध्याकाळी सहापर्यंत परक्या गावात ती बाई काय करत असेल, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. पहिल्या सोमवारी पत्नी निघून गेली, मी दोन कप धुतले, खिडकीतून खालची पिवळी ट्राम पाहिली, घड्याळ पाहिले तर सव्वाआठ झाले होते. तेव्हा तो प्रश्न मला पडला.

तिसऱ्या दिवशी मी कपडे घेऊन इमारतीच्या तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी गेलो. मशीनवरच्या सगळ्या सूचना हंगेरियन भाषेत होत्या. माझ्या आधी एक गृहस्थ हातात साबणाची पिशवी घेऊन त्या मशीनकडे रोखून पाहत उभे होते आणि स्वतःशीच म्हणत होते, "आयला, हे पाणी कधी घेणार?" मी म्हणालो, "झाकण नीट लागलेलं नाही तुमचं." ते गर्रकन वळले. त्यांचीही पत्नी त्याच ऑफिसात, त्याच कामावर आलेली, ते स्वतः रेल्वेच्या सिग्नल विभागातून स्वेच्छानिवृत्त, राहायला ऐरोलीत. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसले की दिघा गाव आणि मग ऐरोली, एवढे आमच्या घरांतले अंतर. आमच्या बायका एकमेकींना तीन वर्षे ओळखत होत्या आणि आम्ही दोघे भेटलो ते डॅन्यूबच्या काठी. त्यांनी मला त्या दिवसापासून 'ठाणेकर' म्हटले, मी त्यांना 'ऐरोलीकर'. पाच आठवड्यांत आम्ही एकमेकांना नावाने हाक मारली नाही आणि 'तुम्ही'वरून 'तू'वरही आलो नाही. पन्नाशीनंतरची मैत्री अशी 'तुम्ही'तच राहते, आणि ती तशी राहण्यात मला काही उणे वाटत नाही.

मला सांगायचे आहे ते असे की, परके शहर पाहायचे तर आपल्याला फारसा न ओळखणारा माणूस सोबत हवा. सत्तावीस वर्षांच्या संसारात आमची कामे केव्हाच वाटली गेली आहेत. पासपोर्ट तिच्या पर्समध्ये, बॅगांचे वजन माझ्या हातात. पत्ता ती विचारणार, टॅक्सीशी घासाघीस मी करणार. कुठे जेवायचे ते ती ठरवणार आणि जेवण आवडले नाही तर कुरकुर मी करणार. यात कोणाचा दोष नाही, पण अशा जोडीने कोणत्याही शहरात गेलो तरी आम्ही आमच्याच घरात फिरत असतो. ऐरोलीकरांबरोबर यातले काहीच ठरलेले नव्हते. नकाशा कोणी वाचायचा, पाण्याची बाटली कोणी घ्यायची, थकल्याचे आधी कोणी कबूल करायचे, हे सारे नव्याने ठरवावे लागले, आणि पहिल्या दिवशी ते ठरलेच नसल्यामुळे आम्हाला दंड भरावा लागला.

बुडापेस्टची भुयारी रेल्वे १८९६ सालची आहे. मॅग्यार, म्हणजे हंगेरियन लोक या प्रदेशात आले त्याला हजार वर्षे झाल्याचा उत्सव त्या वर्षी होता आणि त्यासाठी ती बांधली. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ची. पण युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली ती हीच. तिचा पिवळा, बुटका डबा अजूनही आन्द्राशी रस्त्याच्या पोटातून धावतो, रस्त्यावरून थोड्याच पायऱ्या उतरले की फलाट लागतो, आणि स्थानकांवरच्या पांढऱ्या-तपकिरी फरशा आणि लोखंडी खांब पाहून ऐरोलीकरांचे भान हरपले. या भरात कागदी तिकीट जिन्याजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा असतो, हे ते विसरले आणि मला ठाऊकच नव्हते. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने पाहिले असेल. तिकिटे खिशात होती, पण शिक्क्याविना ती कोरा कागद. तपासनीस बाईंनी शांतपणे पावती फाडली. चूक सर्वस्वी आमची होती. "तीस वर्षं रेल्वेत काढली, ठाणेकर," ऐरोलीकर 'हीरोज स्क्वेअर' या चौकात बाकावर बसून म्हणाले, "आणि विनातिकीट पकडलो गेलो ते हंगेरीत. हे आमच्या हिला सांगू नका." मी सांगितले नाही, त्यांनीच त्या रात्री सांगून टाकले.

त्यानंतर कामे आपोआप वाटली गेली. तिकिटे आणि शिक्के माझ्याकडे; गाड्या, ट्राम आणि वेळा त्यांच्याकडे. पैसे दोघांचे आपापले. साधारण चार फोरिंट म्हणजे एक रुपया, त्यामुळे कॉफीचे बिल हजारात आले की आधी छातीत धस्स व्हायचे आणि मग चाराने भागायचे. घोडबंदर रोडवरच्या मेट्रोच्या खांबांकडे वर्षानुवर्षे पाहत आलेल्या मला सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो बुटका बोगदा पाहताना काय वाटले, ते ठाणेकरांना वेगळे सांगायला नको.

बुडा या शहराच्या पश्चिमेकडच्या भागातल्या टेकड्यांवरची मुलांची रेल्वे हा ऐरोलीकरांनी शोधून काढलेला ठेवा. आधी १८७४ पासून चालणाऱ्या दातेरी चाकांच्या गाडीने टेकडी चढायची आणि वर ही छोटी गाडी पकडायची. साम्यवादी राजवटीत १९४८ साली सुरू झालेली ही अकरा किलोमीटरची रेल्वे दहा ते चौदा वर्षांची मुले चालवतात. इंजिन मोठ्या माणसाच्या हाती असते, बाकी तिकीट विकणे, तपासणे, सांधे बदलणे, सिग्नल देणे हे सगळे मुलांचे, आणि गाडी सुटताना फलाटावरचे मूल तिला सॅल्यूट करते. शेजारचे एक जर्मन कुटुंब त्या सॅल्यूटचा फोटो काढत होते. ऐरोलीकर मात्र उठून उभे राहिले, शर्ट नीट केला आणि खिडकीतून त्या मुलीला उलट सॅल्यूट ठोकला. त्या दोन मिनिटांत ते खरोखर ड्युटीवर होते. पत्नी बरोबर असती तर मी हसलो असतो, तिनेही माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले असते आणि विषय तिथेच संपला असता. ऐरोलीकरांना हसण्याइतकी माझी त्यांच्याशी ओळख झालेली नव्हती, म्हणून मी विचारले, आणि मग पुढची चाळीस मिनिटे झाडीतून जाणाऱ्या त्या गाडीत मला मुसळधार पावसात रूळ पाण्याखाली गेलेल्या एका रात्रीची सविस्तर हकीकत ऐकायला मिळाली. ती त्यांच्या घरी सगळ्यांची ऐकून ऐकून पाठ झालेली असणार. मला ती नवीन होती. माझ्या कारखान्यातल्या संपाच्या गोष्टीला तीस वर्षांत प्रथमच असा श्रोता मिळाला की ज्याला शेवट ठाऊक नव्हता.

आमचे सगळेच जुळले असे मात्र नाही. मला आन्द्राशी रस्त्यावरचे फेरेंत्स होप यांच्या नावाचे आशियाई कलेचे संग्रहालय पाहायचे होते. चित्रकार अमृता शेरगिल १९१३ साली याच शहरात जन्मली, तिची आई हंगेरियन. काश्मीरचा इतिहास सांगणाऱ्या 'राजतरंगिणी'ची संस्कृत संहिता संपादित करणारे ऑरेल स्टाइनही इथल्याच पेस्ट भागातले. एवढ्या लांबच्या या गावाने आपल्याकडे इतक्या आस्थेने का पाहिले, हे कुतूहल मी घरून घेऊन गेलो होतो. ऐरोलीकरांना त्यात काडीचा रस नव्हता. "तुम्ही बघून या, मी बाहेर बसतो," ते म्हणाले आणि खरेच दीड तास बसले. बाहेर आल्यावर मला अपराधी वाटले नाही आणि त्यांचा चेहराही उतरलेला नव्हता. घरच्या माणसाला असे बाहेर बसवून पाहा! उलट गरम पाण्याच्या सेचेन्यी स्नानगृहात ते दोन तास बुडून, पाण्यात बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चाली पाहत बसले आणि मी अर्ध्या तासात उकडून बाहेर आलो. मोठ्या मंडईतल्या लाल मिरच्यांच्या माळांपुढे मात्र आमचे एकमत झाले: दिसायला संकेश्वरी, तिखटाच्या नावाने शून्य.

चौथ्या आठवड्यात आम्ही दोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात गेलो. १८५९ साली पूर्ण झालेले, सुमारे तीन हजार माणसे बसतील एवढे, युरोपातले सर्वांत मोठे. आत शिरताना पुरुषांना डोक्यावर घालायला छोटी टोपी देतात. अंगणात कबरी आहेत. यहुदी सिनेगॉगच्या आवारात दफन करत नाहीत. पण १९४४-४५च्या हिवाळ्यात येथे कोंडलेल्या वस्तीत उपासमारीने आणि थंडीने मेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांना दुसरी जागाच उरली नव्हती. मागच्या बाजूला धातूचा एक विलो वृक्ष आहे आणि त्याच्या पानापानावर मृतांची नावे कोरलेली आहेत. तिथून आम्ही न बोलता नदीवर गेलो. संसद भवनाजवळ काठावर लोखंडी जोड्यांची रांग आहे, एकूण साठ जोड, २००५ साली बसवलेले. हंगेरीतल्या फॅसिस्टांनी यहुद्यांना येथे उभे केले, पायातले काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडले. त्या रांगेत लहान मुलांचेही जोड आहेत. ऐरोलीकर बराच वेळ खाली वाकून पाहत होते. मग त्यांनी विचारले, "ठाणेकर, तुमच्याकडे टेंभी नाक्याजवळ पण एक आहे ना सिनेगॉग? आत कसं आहे?"

मी तीस वर्षे ठाण्यात राहतो. त्या रस्त्याने हजारो वेळा गेलो असेन. मी आत गेलो नव्हतो.

शेवटच्या रविवारी आम्ही दोन्ही बायकांना शहर दाखवायला नेले. हा बेत साफ फसला. दोन नंबरची ट्राम नदीच्या कोणत्या बाजूला बसून पाहायची, यावर आमचे दोघांचे भर गाडीत तावातावाने बोलणे झाले, साखळी पूल १८४९ चा, तो १९४५ साली जर्मनांनी जाताना उडवला, पुन्हा १९४९ साली उघडला, हे आम्ही दोघांनी एकाच वेळी सांगायला सुरुवात केली, आणि बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही गावे १८७३ साली एक झाली इथपर्यंत आलो तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "आम्हाला कॉफी हवी आहे, इतिहास नको." पाच आठवडे काचेच्या इमारतीत आकडे तपासून दमलेल्या बाईचे ते म्हणणे रास्तच होते. दोघी एका बाकावर बसल्या, आम्ही समोरच्या. थोड्या वेळाने तिने पर्स उघडली, आमचे दोघांचे पासपोर्ट काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "आता हे तुझ्याकडेच राहू दे. तुला जमतं म्हणे सगळं." ऐरोलीकरांनी दंडाच्या पावतीची आठवण काढली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

परत आल्यावर चार महिने आमची भेट झाली नाही. पाच आठवडे रोज आठ तास सोबत असलेली माणसे दोन स्टेशनांवर राहून भेटत नाहीत, याचे कारण मला अजून नीट सांगता येत नाही. येथे प्रत्येकाची माणसे ठरलेली, कामे ठरलेली, फोन करायला निमित्त हवे. शेवटी जानेवारीत त्यांचाच फोन आला. "ठाणेकर, मंगळवारी काय करताय? आमची ही साडेनऊला ऑफिसात जाते."

आम्ही टेंभी नाक्यावर भेटलो. ठाण्याचे सिनेगॉग १८७९ सालचे, 'शार हशामायिम', म्हणजे स्वर्गाचे दार. बेने इस्रायल या यहुदी समाजाने बांधलेले, ज्यांना कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणत आणि ज्यांची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे. फाटक बंद होते. आतल्या गृहस्थांनी मराठीतच विचारले, कोण आपण, कुठून आलात. ऐरोलीकर म्हणाले, "मी ऐरोलीहून, हे इथलेच." आधी कळवून या, असे त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले आणि कोणाला कळवायचे तेही सांगितले. मग आम्ही मिसळ खाल्ली, बिल अर्धे-अर्धे केले, आणि कळवण्याचे काम माझ्याकडे आले. पुढचा मंगळवार ठरला आहे. टोप्या तिथे मिळतात की घरून न्यायच्या, तेवढे विचारायचे राहिले आहे.