'हात काळे करून बघा' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

'गुलमोहर' या नावाने लिहिणारे वाचक, नमस्कार.

'घरच्या लॉनसाठी मशीन कोणतं घ्यावं' या गवत कापायच्या मशीनवरच्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया आली. इतरांना शोधत बसायला नको म्हणून ती आधी इथे देते:

"ताई, हाताने ढकलायचं रिळाचं मशीन घ्या, हा सल्ला आजच्या काळात कोण देतं? ब्रिटिशांच्या जमान्यातली वस्तू. पावसाळ्यात गवत वाढलं की रीळ अडकून बसतं. आमच्या घोडबंदर रोडच्या बंगल्यात पेट्रोलचं मशीन आहे, फक्कड काम करतं. बॅटरीच्या मशीनबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही, किमतीही जुन्या. आणि दुरुस्तीवर लिहिण्याआधी एकदा स्वतःचे हात काळे करून बघावेत, व्हिडिओ बघून कोणी मेकॅनिक होत नाही."

जे मान्य आहे ते आधी सांगते. किमती मी गेल्या वर्षी दुकानात विचारून लिहिल्या होत्या, आता त्या बदलल्या असणार. त्या ओळीपुढे आता महिना आणि वर्ष घातलं आहे. आपण लक्षात आणून दिलंत, आभार.

आता शेवटच्या वाक्याकडे येते, कारण बाकी सगळं त्याच्या जोरावर लिहिलेलं आहे. आपण मला ओळखत नाही, माझ्या घरी कधी आलेले नाहीत. मग माझे हात काळे झालेले नाहीत, हे आपण कशावरून ठरवलं? लेखाखालच्या नावावरून? एखाद्या पुरुषाने हाच लेख लिहिला असता, तर आपण त्याच्याशी वाद घातला असता, "तुमचं चुकतंय" म्हणाला असता. हात दाखवायला सांगितले नसते. लेखात बेअरिंगच्या ढिलाईबद्दल आहे, पात्याच्या धारेबद्दल आहे, मोटरला फिरायला जोर देणाऱ्या कपॅसिटरबद्दल आहे. यातलं नेमकं काय चुकलं ते आपण सांगत नाही. एकही नट-बोल्ट आपल्या प्रतिक्रियेत नाही.

सांगायची वेळ आणलीच आहे, तर सांगते. माझे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होते. नेरूळला सिडकोच्या रो-हाउसमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा दारापुढच्या जागेत भरावाचा मुरूम आणि खडी होती. बाबांनी ती चाळून काढली, लाल माती आणून टाकली आणि हरळी लावली. मशीन घेतलं ते जुनं, गंजून रीळ, म्हणजे ढकलताना फिरणारा पात्यांचा गोल, जाम झालेलं. ते त्यांनी अंगणात गोणपाटावर पूर्ण उघडलं. पाने द्यायला, वायसर रॉकेलमध्ये धुवायला मी होते. चाकाच्या आत दात्यांचं छोटं चाक असतं, त्यात एक लहानसा कुत्रा, म्हणजे दात्यांत अडकणारा खटका असतो, तो पुढे ढकलताना पकडतो आणि मागे ओढताना सुटतो, हे मी तिथे बघितलं. तो उलटा बसला तर मशीन ढकलत राहा, रीळ फिरतच नाही. बाबांचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, आजही माझ्या खणात आहे आणि ते शोभेसाठी ठेवलेलं नाही.

आपण दुकानात जाऊन "धार गेली" म्हणता आणि दुकानदार नवं मशीन दाखवतो. रिळाच्या मशीनची धार बहुतेक वेळा गेलेलीच नसते. फिरणारं रीळ आणि खालचं स्थिर पातं यांच्यात फट पडलेली असते. वर्तमानपत्राची एक पट्टी दोघांच्या मध्ये धरायची आणि रीळ हाताने सावकाश फिरवायचं. बोटं लांब ठेवायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. डावीकडे कापतो आणि उजवीकडे नुसता दुमडतो, तर उजव्या बाजूचा स्क्रू अगदी किंचित आवळायचा. किंचित म्हणजे पाव फेरासुद्धा नाही. जास्त आवळलं की धातूवर धातू घासतो, मशीन जड जातं आणि लोक म्हणतात, "हाताची मशीनं अशीच असतात." त्याआधी बेअरिंग बघायचं. रीळ हाताने वरखाली हलत असेल तर स्क्रू कितीही आवळा, फट आज जुळेल आणि उद्या परत पडेल.

खरोखरच धार गेली असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणायची. ती गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात डबीत मिळते. चाकं काढायची, आतली दात्यांची चाकं डावी-उजवी अदलाबदल करायची, म्हणजे मशीन मागे ओढलं की रीळ उलटं फिरतं. पेस्ट रिळाच्या कडांना लावायची, उलटं फिरवत राहायचं, आवाज मऊ झाला की थांबायचं. मग पेस्टचा कण न् कण धुवून काढायचा, नाहीतर तीच बेअरिंग खाते. उघडताना कुठलं चाक कुठल्या बाजूचं ते खडूने लिहून ठेवायचं. हे काम करून हात कसे दिसतात ते विचारू नका, साबणाने दोन दिवस जात नाही.

आणि हे फक्त हाताच्या मशीनचं आहे असं समजू नका. आमच्या गल्लीत एकांकडे पेट्रोलचं मशीन आहे, आपल्यासारखंच. लॉनमधल्या दगडावर पातं आदळलं आणि इंजिन बंद पडलं. त्यानंतर दोरी ओढली की ती हातातून हिसका मारून परत जायची, चालू काही होईना. मेकॅनिकने कार्बोरेटर बदला म्हणून सांगितलं आणि मोठा आकडा लावला. ते मशीन माझ्याकडे आलं. मी आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधली, पात्याला हात लावण्याआधी ते करायचंच. प्लग काढून ठिणगी बघितली, ठिणगी होती. पेट्रोलही येत होतं. मग हिसका कशाचा? फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरचं जड चाक, पुलरने काढलं, तर शाफ्टची खाच आणि फ्लायव्हीलची खाच एका रेषेत नव्हती. बऱ्याच इंजिनांत या दोन खाचांत मऊ धातूची चावी असते. दगडावर जोराचा मार बसला की ती कातरली जाते आणि क्रँकशाफ्ट वाचतो. पण चावी सरकली की ठिणगी चुकीच्या वेळेला पडते. नवी चावी घातली, मशीन चालू झालं, कार्बोरेटर तोच राहिला. मग पातं काढून मध्यावर खिळ्याला अडकवलं. एक बाजू खाली जात होती, ती कानशीने घासून तोल साधला. बेतोल पातं तसंच बसवलं तर इंजिन थरथरून बोल्ट ढिले होतात. हे मी केलंय, साहेब. व्हिडिओ लावून नाही.

माझा मूळ मुद्दा एवढाच होता आणि आहे: घरच्या लॉनसाठी असं मशीन घ्या जे तुम्ही स्वतः, किंवा तासाभराच्या अंतरावरचा कोणीतरी, उघडून पुन्हा उभं करू शकेल. नेरूळ, वाशी, ऐरोलीच्या रो-हाउसपुढे लॉन असून असून किती असतं? बहुतेकांकडे चार-पाचशे चौरस फूट. तेवढ्यासाठी हाताचं मशीन पुरतं आणि त्यात बिघडायला फार काही नाही. बेअरिंग हवं असेल तर नंबर घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात जा. पातं वाकलं तर वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एखाद्या लेथवाल्याकडे ते सरळ करून मिळतं. हे मी लेखात लिहिलं होतं. आपण ते वाचलं असतंत, तर प्रतिक्रिया वेगळी झाली असती असं मला वाटतं.

ब्रिटिशांच्या जमान्यातली वस्तू, म्हणालात. खरं आहे. एडविन बडिंग या इंग्लिश माणसाने १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. कापड गिरणीत कापडावरचे वर आलेले धागे कातरायचं यंत्र त्याने पाहिलं होतं, तीच युक्ती गवताला लावली. पण जुनं म्हणजे टाकाऊ, हे कुठल्या हिशेबाने? खारघरला गोल्फ कोर्स आहे, बघून या. गोल्फच्या ग्रीनवरचं गवत जगभर तीन-चार मिलिमीटरवर कापतात आणि ते रिळाच्याच मशीनने. कारण रीळ कात्रीसारखं कापतं. गोल फिरणारं पातं नुसत्या वेगाने गवत तोडतं आणि त्याची धार गेली की फाडतं. दोन दिवसांनी लॉनची टोकं करडी दिसायला लागतात आणि लोक खत मारत बसतात.

पावसाळ्याबद्दल: गवत गुडघाभर वाढू दिलं तर रीळ अडकणारच. वाढू देऊ नका. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा साधा नियम पाळला आणि उघडीप मिळेल तेव्हा मशीन फिरवलं, तर अडचण येत नाही. गावाला गेल्यामुळे वाढलंच, तर आधी विळा किंवा ब्रश कटर. एवढंच.

बॅटरीचं मशीन मी लेखात मुद्दाम घेतलं नव्हतं. ते शांत असतं, वायर पायात येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बॅटरी पॅक गेला की घरी उघडून काही करता येत नाही आणि पॅकची किंमत मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा असते. माझा लेख दुरुस्तीवर होता. दुरुस्त होत नाही त्यावर काय लिहू?

वायरवालं मशीन असेल तर तीस मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय ते ओल्या गवताजवळ नेऊ नका. हे मी पूर्वीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. कोणी त्याला किरकोळ म्हणालं तरी. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर आधी पातं अडकलंय का ते भिंतीतला प्लग काढून बघा, मग कपॅसिटर बघा. मोटर जळाली असं कोणी सांगितलं तर लगेच पैसे देऊ नका.

आपलं पेट्रोलचं मशीन फक्कड चालतं, याचा मला आनंद आहे. एक गोष्ट मात्र करा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडची हवा कशी आहे ते आपण घोडबंदरला राहता म्हणजे जाणताच. दिवाळीनंतर लॉन मंदावलं आणि मशीन कोपऱ्यात गेलं, की टाकीतलं पेट्रोल काढून घ्या आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होईल. नाहीतर जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखेल आणि कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक छिद्र, चिकटलेला असेल. मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. खडीच्या जमिनीत मशीन फिरवण्याआधी दगड वेचून घ्या. रिळाला खडा लागला तर पात्याला खाच पडते, ती घासून निघते. आपल्या मशीनच्या पात्याला लागला तर तो खडा गोळीसारखा बाहेर येतो आणि शेजारी मुलं खेळत असतात.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. यापुढे आपण लिहाल तर मशीनचं मॉडेल, पात्याची रुंदी आणि लॉनमध्ये हरळी आहे की कार्पेट ग्रास, ते लिहा. काय बिघडलंय तेही लिहा. त्यावर मी नक्की उत्तर देईन. माझ्या हातांवर पुन्हा चर्चा होणार नाही.