‘ठोकलाच पाहिजे होता’ म्हणणाऱ्यांसाठी, कलम ३८ ते ४३

पुण्यात कुठे कोयता निघाल्याची बातमी आली की खाली दोन मतं ठरलेली. ‘दिसेल तिथे ठोका’ किंवा ‘जीव घेणं कधीच समर्थनीय नाही’. दुसरं मत मांडणारे बरेच जण २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडला गोळी घालणाऱ्या चापेकरांना हुतात्माच म्हणतात, तेव्हा ते ‘कधीच’ जरा सैल धरावं.

कायदाही ‘कधीच नाही’ म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३८ मध्ये सात प्रसंग दिलेत, ज्यात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही: जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला वगैरे. मालमत्तेसाठी कलम ४१. पण कलम ३७ ची अट आहेच: बचावाला लागेल तेवढीच इजा, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही.

लोक घसरतात ते वेळेच्या मुद्द्यावर. समजा, रात्री अडीचला एकजण गॅलरीची जाळी कापून आत शिरला, हातात कटावणी. तुमच्या बॅटचा फटका डोक्यात बसून तो मेला, तर स्वसंरक्षणाचा मुद्दा टिकू शकतो. पण तोच माणूस इमारतीचा पाइप धरून खाली उतरला, पळत सुटला आणि सोसायटीतल्या चौघांनी त्याला रस्त्यावर गाठून संपवला, तर घरफोडीविरुद्ध बचावाचा हक्क त्याआधीच संपलाय. शवविच्छेदनात ते दिसतं. जखमा पाठीवर, पोटऱ्यांवर. मनगटापासून कोपरापर्यंत फटके अडवतानाचे वळ. झटापटीच्या भरात, सद्‌हेतूने मर्यादा ओलांडली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होऊ शकतो. खांबाला बांधून मारलं असेल, तर तीही वाट बंद.

धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. कोंडलेल्या माणसापासून कुणाला कसला धोका होता? मारणाऱ्यांना मात्र आपण गाव वाचवतोय असंच वाटत असणार. मला भीती त्या खात्रीची वाटते.

एन्काउंटरचंही तेच. पोलिसांनाही हक्क स्वसंरक्षणाचाच आहे, शिक्षा देण्याचा नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १६ नियम घातले: एफआयआर, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास, दंडाधिकारी चौकशी, लगेच बक्षीस-बढती नाही. २०१९ मध्ये हैदराबादला चार आरोपी मारले गेल्यावर लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली; पुढे न्या. सिरपूरकर आयोगाने म्हटलं, गोळ्या मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या.

खरंच वेळ आलीच, तर. ११२ ला लगेच फोन. बॅट धुवू नका, कटावणी हलवू नका. स्वतःच्या जखमांची त्याच दिवशी वैद्यकीय नोंद. वकिलाशी बोला, पण बचाव दाबून ठेवू नका. सिद्ध करण्याचा भार तुमच्यावरच असतो (निर्विवाद नव्हे, ‘असंच घडलं असण्याची शक्यता जास्त’ इतपत), आणि महिन्यांनी सांगितलेलं रचलेलं वाटतं. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवर काही दिवसांत जुन्या फुटेजवर नवं चढतं, तेव्हा सेक्रेटरीला झोपेतून उठवा, पण ते जपून ठेवायला सकाळच्या आत सांगा.