रक्तवाहिनी बंद केली की लिव्हर मरतं म्हणे! मामांना आलेल्या मेसेजचा समाचार

मंगळवारी रात्री साडेदहाला मामांचा फोन. "अगं, तू तिथंच काम करतेस ना? मग हे आधी का नाही बोललीस?" हे म्हणजे नेमकं काय, ते कळायला पाच मिनिटं गेली. कुणीतरी त्यांना एक लांबलचक मेसेज पाठवला होता आणि तो वाचून त्यांनी गुरुवारची तारीख परस्पर रद्द करून टाकली होती.

मामांना जुनी हिपॅटायटिस बी. त्यातून सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होत निकामी होणं, आणि आता लिव्हरच्या उजव्या भागात कॅन्सरच्या दोन गाठी, मोठी साडेचार सेंटीमीटरची. कापून काढायचं ऑपरेशन त्या लिव्हरला झेपणार नाही, म्हणून टेस (TACE) करायचं ठरलं होतं. टेस म्हणजे गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत बारीक नळीने शिरायचं, केमोचं औषध तिथंच सोडायचं आणि मागून ती वाट बुजवून टाकायची. मी डॉक्टर नाही. अँजिओच्या मशीनवर काम करणारी टेक्नॉलॉजिस्ट आहे, लेड ॲप्रन घालून दिवसभर हेच पडद्यावर बघते. म्हणून तो मेसेज वाचताना माझं डोकं फिरलं.

पहिलंच वाक्य, चार उद्गारचिन्हांसकट: "डॉक्टर लिव्हरची रक्तवाहिनी बंद करतात, रक्तच नाही तर लिव्हर जगेल कसं, विचार करा!!!!"

केला विचार. दुसऱ्या कुठल्या अवयवाबद्दल हे लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. पण लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, आणि उरलेलं धमनीतून. गाठीचं मात्र उलटं असतं. लिव्हरमध्येच उगवलेला हा कॅन्सर जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढतो. म्हणजे गाठीकडे जाणारी धमनीची फांदी बंद केली तर उपाशी राहते ती गाठ, आजूबाजूच्या लिव्हरचं पोर्टलवर भागतं. सगळी ट्रीटमेंट या एका फरकावर उभी आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला पोर्टल व्हेन हा शब्दही माहीत नाही.

पडद्यावर हे इतकं उघड दिसतं की वाद घालायला जागा राहत नाही. पेशंट जागा असतो. "श्वास रोखा, पोटात गरम वाटेल" म्हणायचं आणि डाय, म्हणजे एक्स-रेत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, सोडायचा. पांढऱ्या पडद्यावर आधी धमनीचं खोड काळं उमटतं, मग फांद्या, आणि मग एका कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा गोळा भरत जातो. ती गाठ. मायक्रोकॅथेटर ही एक मिलिमीटरहून बारीक नळी त्याच फांदीत नेऊन औषध आणि कण सोडले की पुन्हा डाय देऊन बघायचं. बाकीचं झाड जसंच्या तसं, फक्त ती एक फांदी छाटल्यासारखी मध्येच थांबलेली. अख्ख्या लिव्हरची नळी कुणी बंद करत नाही हो.

आणि नुसतं पडद्यावर छान दिसतं म्हणून कुणी हे करत बसलेलं नाही. २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बार्सिलोनाच्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला. ऑपरेशन शक्य नसलेले ११२ पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटलेले. टेस केलेल्यांपैकी दोन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ६३ टक्के, आणि फक्त लक्षणांवर उपचार केलेल्यांत २७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवावा लागला. मेसेजवाल्याकडे याच्या उत्तरादाखल काय आहे? "एका अनुभवी तज्ज्ञांचे मत."

आता नाइलाजाने एक गोष्ट मान्य करते. टेसनंतर ताप येतो, पोट दुखतं, मळमळतं, कधी कधी आठवडाभर. मामांना हे आधी नीट सांगायला हवं होतं, आणि ती चूक माझीही आहे. शिवाय लिव्हर आधीच थकलेलं असेल, कावीळ वाढलेली असेल, पोटात पाणी साचलेलं असेल, किंवा पोर्टल व्हेनचं मुख्य खोडच तुंबलेलं असेल, तर टेसने लिव्हर खरंच कोलमडू शकतं. पण म्हणून तर आधी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, बघतात, सीटी बघतात आणि अशा पेशंटला सरळ नाही म्हणतात. मामांचे हे सगळे रिपोर्ट बघूनच तारीख दिली होती.

पुढचा मुद्दा: "कॅन्सरला सुई लागली की तो चवताळून पसरतो." इथे तर चोर सोडून संन्याशाला फाशी. टेसमध्ये सुई लिव्हरला लागतच नाही. ती लागते मनगटाला किंवा जांघेत, पुढचा सगळा प्रवास धमनीच्या आतून. बायोप्सीच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा धोका असतो, हे खरं आहे. २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा २.७ टक्के होता. म्हणूनच सिरोसिस असलेल्या पेशंटची गाठ सीटीवर ठरावीक पद्धतीने वागली, म्हणजे धमनीतून डाय येताच चमकली आणि नंतर फिकी पडली, तर बहुतेकदा बायोप्सी न करताच निदान होतं. मामांची बायोप्सी झालेलीच नाही. छोटी गाठ सुईने जाळतात त्या आरएफए किंवा मायक्रोवेव्हमध्ये सुई गाठीत जाते खरी, पण बाहेर काढताना तिची वाटही भाजत काढतात.

"किरणोत्सर्गी मणी सोडतात, मग तो माणूस घरच्यांना कॅन्सर देतो." हे वाय-नाइन्टी, म्हणजे किरणोत्सर्गी मणी धमनीतून गाठीत सोडायच्या वेगळ्या उपचाराबद्दल आहे, आणि मामांना ते करायचंच नाहीये! तरी मामी घाबरली, म्हणून सांगते. मणी २० ते ६० मायक्रॉनचे, गाठीत अडकून राहणारे. त्यांचे किरण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर जातात, फार तर अकरा. दर ६४ तासांनी जोर निम्मा होतो, म्हणजे अकरा दिवसांत सुमारे ९४ टक्के मारा उरकलेला असतो. तान्ही बाळं आणि गरोदर बायकांना काही दिवस चिकटून बसू नका असं सांगतात, तेवढं पाळायचं. माणूस वाळीत टाकायची गरज नाही.

मध्येच मेसेज लिव्हर सोडून पायांवर घसरतो. व्हेरिकोज व्हेनची शीर लेसरने बंद केली तर रक्त वर जाणार कसं, शेवटी पाय कापावा लागतो, वगैरे. पायातलं बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांमधून वर जातं. बंद करतात ती वरची, झडपा निकामी झालेली शीर, जिच्यातून रक्त वर जाण्याऐवजी खाली गळत असतं. आतल्या शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, तपासतात. झालं.

आणि पाय कापण्याची गोष्ट काढलीच आहे, तर टेससारखे उपचार करणाऱ्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना मेसेजमध्ये मारलेल्या "हे सर्जन नव्हेत, एक्स-रे काढणारे आहेत" या टोमण्याचं उत्तरही तिथेच मिळतं. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी आतून नळी घालून रुंद केली. बोटं सडायला लागलेली, सर्जननी पाय कापायला सांगितलेला, बाई तयार नव्हत्या. पाय वाचला आणि त्या त्यावर चालल्या. एक्स-रे काढणाऱ्यानेच वाचवला.

शेवटची ओळ मात्र मला सगळ्यांत जास्त लागली: "घाई करू नका, तीन महिने लिव्हर शुद्ध करा, मग बघा." बाकीचं अज्ञान म्हणून सोडून देता येईल, हे नाही. या गाठी सहसा चार-सहा महिन्यांत दुप्पट होतात, काही त्याहून लवकर. आणि त्या नुसत्या वाढत नाहीत, पोर्टल व्हेनमध्ये घुसतात. ती तुंबली की लिव्हरची दुसरी वाट गेली, आणि मग धमनी बंद करणं खरोखरच धोक्याचं. म्हणजे मेसेजमधलं पहिलं वाक्य खोटं आहे, पण शेवटचं पाळलं तर ते खरं ठरू शकतं. मामांना मी एवढंच सांगितलं. बाकीचं त्यांनी अर्धं ऐकलं असेल.

काल रात्री पुन्हा फोन आला. तारीख पुढच्या सोमवारची मिळाली होती. "घड्याळ काढून यायचं का गं?" डाव्या मनगटातून जायचं म्हणालेत ना, मग काढूनच या, म्हटलं.