कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका
अमेरिकेत अपघाताच्या भरपाईची केस जिंकली तरच वकील सहसा फी घेतो, हरली तर नाही, तशी सोय आपल्याकडेही हवी, असं एका लेखात म्हटलंय. मला हे पटत नाही. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांत (नियम 20) निकालावर ठरणारी फी किंवा भरपाईत वाटा घेणं वकिलाला मना आहे. तरी आमच्या खान्देशात ते सर्रास चालतं, फक्त लपून.

माझी मावशी कापूस वेचायला निघाली होती. एरंडोलजवळ हायवेला डंपरने रिक्षा उडवली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात एक एजंट हजर! "मावशी, एक रुपया देऊ नका, पैसे आले की निम्मे." तिच्या पायात सळी, हाताला सलाईन, आणि त्याने कोऱ्या वकीलपत्रावर (वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद) तिचा अंगठा घेतलासुद्धा. वर चेकबुकही मागत होता. मी पोहोचलो म्हणून ते तरी वाचलं.

बाईमाणसाला, मग उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. 1987 चा कायदा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे जिल्हा न्यायालयात ऑफिस आहे. तिथे एक साधा अर्ज लागतो, एवढंच. आम्हाला हे दवाखान्यात कुणीच सांगितलं नाही, याचाच फार राग येतो. आणि भरपाईचा दावा राहत्या जिल्ह्यातही लावता येतो, अपघात कुठेही झालेला असो. फक्त उशीर करू नका, कायद्यात आता अपघातापासून 6 महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्याची सगळी बिलं पहिल्या दिवसापासून एका पिशवीत जपून ठेवा.