शहरांनी कोविडचे पैसे उधळले? फॉरवर्डमधल्या एकेका वाक्याचं उत्तर

न्यू जर्सीतल्या आमच्या दोन-तीन मराठी ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. थोडक्यात तो असा: "२०२१ साली बायडेन सरकारने कोविडच्या नावाखाली शहरांना ३५० अब्ज डॉलर फुकट वाटले. शहरांनी त्यातून गोल्फची मैदानं, हॉटेलं आणि स्टेडियम केली. उरलेल्यात गटारं आणि कर्मचाऱ्यांचे बोनस. हिशेब कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. कोविड संपला तरी उधळपट्टी चालूच. तुमच्या किराण्याच्या बिलातली महागाई यामुळेच." खाली 'सगळ्यांना पाठवा'.

टाउनशिपांचे, म्हणजे इथल्या गावांच्या स्थानिक सरकारांचे, हिशेब तपासणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी काम करते. या निधीच्या बऱ्याच फायली माझ्या हातून गेल्या आहेत, म्हणून गप्प बसवेना. या मजकुरातली काही वाक्यं साफ चूक आहेत, काही अर्धवट आहेत. एक खरं आहे, पण त्यातला दोष जिथे आहे तिथे बोट ठेवलेलंच नाही. त्याचीच मला जास्त चुटपुट लागली.

आधी ३५० अब्जांचं बघू. आकडा बरोबर आहे, तो शहरांना मिळाला हे चूक. ११ मार्च २०२१ रोजी सही झालेल्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्यात राज्यं आणि स्थानिक सरकारांसाठी मिळून ३५० अब्ज होते. त्यातले १९५.३ अब्ज राज्यांना गेले, ६५.१ अब्ज काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यासारख्या सरकारांना), २० अब्ज मूळ अमेरिकन जमातींच्या सरकारांना आणि ४.५ अब्ज पोर्तो रिकोसारख्या प्रदेशांना. मोठ्या शहरांना ४५.६ अब्ज आणि लहान गावांना १९.५ अब्ज. म्हणजे शहरं आणि गावं मिळून ६५.१ अब्ज, एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. लहान गावांना तर आणखी एक अट होती: महामारीआधीच्या आपल्या वार्षिक बजेटच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही.

हा नुसता आकड्यांचा कीस नाही. फॉरवर्डमधली बरीचशी 'शहरांची पापं' शहरांची नाहीतच. हॉटेलासाठी १४ कोटी डॉलरची तरतूद केली ती फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने. बेसबॉलच्या स्टेडियमच्या डागडुजीला १.२ कोटी दिले ते न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीने. अलाबामाने ४० कोटी तुरुंग बांधायला काढले, ते राज्याचे होते. राग काढायचा तर निदान योग्य दारावर जाऊन काढावा.

आता गोल्फ. हे खरं आहे, आणि ते शहरच आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जने गोल्फच्या मैदानांना पाणी देणारी जुनी यंत्रणा बदलायला सुमारे ६६ लाख डॉलर वापरले. मला ते पटलेलं नाही. ज्या पैशाच्या नावात 'रेस्क्यू' हा शब्द आहे, तो गोल्फच्या हिरवळीवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण हे कसं होऊ शकलं ते फॉरवर्ड सांगत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

या निधीच्या वापराचे चार मुख्य रस्ते कायद्याने आखून दिले. एक, सार्वजनिक आरोग्य आणि महामारीने झालेलं आर्थिक नुकसान. दोन, अत्यावश्यक काम करणाऱ्यांना जादा वेतन. तीन, पाणी, सांडपाणी आणि ब्रॉडबँड. चार, बुडालेला महसूल भरून काढून नेहमीच्या सरकारी सेवा चालू ठेवणं. या चौथ्या रस्त्याला आमच्या कामात सगळे 'रेव्हेन्यू लॉस' म्हणतात. गोल्फ, हॉटेल, स्टेडियम अशा बातम्या वाचताना मी आधी हाच रस्ता तपासते.

हा रस्ता ठेवण्यामागे कारण होतं. मार्च २०२० च्या केअर्स या पहिल्या मोठ्या कोविड-मदत कायद्यातही राज्यं आणि स्थानिक सरकारांसाठी १५० अब्ज होते. पण थेट पैसे फक्त ५ लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना आणि काउंट्यांना मिळाले, आणि महसुलाची तूट भरायला ते वापरायची मनाई होती. तोवर इकडे हॉटेलं बंद, पार्किंग रिकामं, विक्रीकर घसरलेला. फेब्रुवारी ते मे २०२० मध्ये राज्यं आणि स्थानिक सरकारांतल्या सुमारे १५ लाख नोकऱ्या गेल्या. त्यात शाळांतल्या सर्वाधिक. २००८ च्या मंदीनंतर सरकारी नोकऱ्यांचा तो खड्डा भरायला जवळपास दहा वर्षं लागली होती. डेट्रॉइटने २०१३ साली दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा तिथले सुमारे ४० टक्के रस्त्यावरचे दिवे बंद होते. ते पुन्हा होऊ नये म्हणून २०२१ मध्ये तुटीचा रस्ता उघडला गेला, आणि डेट्रॉइटला एकट्याला सुमारे ८२.७ कोटी डॉलर मिळाले.

इथपर्यंत सगळं रास्त होतं. बिनसलं ते नियम लिहिताना. ट्रेझरीने, म्हणजे केंद्राच्या अर्थखात्याने, जानेवारी २०२२ मध्ये अंतिम नियम काढले. त्यात तूट मोजायची रीत अशी ठरली: महामारीआधीचा महसूल दरवर्षी ५.२ टक्क्यांनी, किंवा आधीच्या तीन वर्षांची सरासरी वाढ त्याहून जास्त असेल तर त्या दराने, वाढला असता असं धरायचं आणि प्रत्यक्ष महसूल त्यातून वजा करायचा. म्हणजे एखाद्या गावाचा महसूल वाढलाय, पण दर वर्षी ३ टक्क्यांनीच, तरी कागदावर तूट दिसते. वर दुसरी सोय अशी की हिशेब करायचाच नसेल तर सरसकट १ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम 'बुडालेला महसूल' म्हणून धरा, पुरावा लागणार नाही. ज्या गावाला सगळे मिळून ६० लाखच मिळाले, त्याने ते पूर्ण ६० लाख या रस्त्याने नेले तरी नियमात बसतं. आणि या रस्त्यावर अटी कमी. नेहमीच्या केंद्रीय अनुदानाला लागू असलेले खरेदीचे बरेचसे नियमही ट्रेझरीने नंतर या वाटेसाठी सैल केले.

म्हणून गोल्फच्या पाण्याला पैसे देणाऱ्या नगरसेवकांना जाब विचाराच. त्यांनी ते मत दिलं आहे. पण दार वॉशिंग्टनमध्ये उघडं ठेवलं गेलं, आणि तेही मुद्दाम, लहान गावांना किचकट हिशेब झेपणार नाही म्हणून. माझ्या मते १ कोटीची ती सरसकट सूट फार मोठी होती. याला कुणी उधळपट्टीचं मूळ म्हटलं तर मी वाद घालणार नाही. फॉरवर्डमध्ये मात्र याचा उल्लेखसुद्धा नाही.

"कोविडशी गटारांचा काय संबंध?" असं आमच्या एका काकांनी मजकूर पाठवताना वर लिहिलं होतं. काका, संबंध कायद्यातच लिहिलेला आहे. पाणी आणि सांडपाणी ही कामं संसदेने नाव घेऊन निधीत घातली. त्या हिवाळ्यात काय चाललं होतं ते आठवा. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या वादळानंतर मिसिसिपीच्या राजधानीत, जॅक्सनमध्ये, जलवाहिन्या फुटल्या. लोक कित्येक आठवडे पाणी उकळून पीत होते, काही भागांत तर नळाला पाणीच नव्हतं. टीव्हीवर दिवसातून दहा वेळा 'हात धुवा' सांगत होते, तेव्हाची ही गोष्ट. या देशात पाण्याच्या वाहिन्या जमिनीखाली शंभर-शंभर वर्षं पडून आहेत आणि फुटल्याशिवाय त्यांच्यावर पैसा काढायला कुठलीच कौन्सिल धजत नाही, कारण त्यासाठी प्रॉपर्टी टॅक्स किंवा पाणीपट्टी वाढवावी लागते. माझ्या मते गटारं ही या निधीतली सगळ्यात चांगली खरेदी.

शहरांनी केलेली दुसरी कामंही सांगायला हवीत, कारण ती फॉरवर्ड होत नाहीत. ओहायोतल्या टोलेडो शहराने आणि तिथल्या लुकस काउंटीने प्रत्येकी ८ लाख डॉलर घातले आणि लोकांची थकलेली हॉस्पिटलची बिलं एका सेवाभावी संस्थेमार्फत विकत घेऊन माफ करायचं ठरवलं. असली बुडीत कर्जं बाजारात कवडीमोलाने मिळतात, म्हणून १६ लाखांत २४ कोटींपर्यंतची देणी पुसली जातील असा अंदाज होता. शिकागोने ५,००० कुटुंबांना वर्षभर दरमहा ५०० डॉलर दिले. हे योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, माझ्या घरातही आहेत. पण हे पैसे ज्यांच्यावर कोविडचा घाव बसला त्यांच्याच हातात गेले.

बोनसचं वाक्य पटकन संपवते. जादा वेतनाला ताशी १३ डॉलर आणि एका माणसामागे एकूण २५,००० डॉलर अशी मर्यादा होती. ते प्रत्यक्ष कामावर येऊन लोकांच्या संपर्कात राहणाऱ्यांसाठी होतं. २०२० मध्ये आपण घरात बसून लॅपटॉप उघडत होतो तेव्हा कचऱ्याची गाडी आणि ॲम्ब्युलन्स कोण चालवत होतं?

"हिशेब कुणी मागितला नाही" या वाक्याने मात्र मला सगळ्यात जास्त दुखवलं. अडीच लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांना दर तिमाहीला ट्रेझरीकडे अहवाल द्यावा लागतो आणि वर्षातून एकदा संपूर्ण आराखडा जाहीर करावा लागतो. लहान गावांना वर्षातून एकदा अहवाल. शिवाय ज्या संस्थेने वर्षात केंद्राचे साडेसात लाख डॉलर (अलीकडे ही मर्यादा १० लाख झाली आहे) खर्च केले, तिचं 'सिंगल ऑडिट', म्हणजे केंद्राच्या सगळ्या पैशांची एकत्रित तपासणी, होतं. तुलनेने लहान निधीवाल्यांना त्याऐवजी सुटसुटीत तपासणीची मुभा होती, पण तपासणी होतीच. सिंगल ऑडिटचा अहवाल कुणालाही ऑनलाइन वाचता येतो.

हे ऑडिट म्हणजे काय, ते एका टाउनशिपच्या उदाहरणाने सांगते. नाव सांगणं बरोबर नाही. त्यांनी सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनचे पंप या निधीतून बदलले होते. टाउन हॉलच्या तळघरात, खोक्यांच्या मधोमध ठेवलेल्या टेबलावर मी ती फाइल उघडली. निविदेची जाहिरात होती. आलेल्या बोली होत्या, कौन्सिलचा ठराव होता, बिलं होती आणि प्रत्येक बिलावर इंजिनिअरची सही. मग मी एक साधा कागद शोधला. सरकारी कामं घ्यायला ज्यांना बंदी आहे अशा ठेकेदारांची केंद्राची यादी असते, आणि करार करण्याआधी आपला ठेकेदार त्यात नाही ना, हे बघून त्याची प्रिंट फायलीत लावायची असते. प्रिंट होती. पण तिच्यावरची तारीख कराराच्या तारखेनंतर अकरा दिवसांची होती.

तिथल्या फायनान्सच्या बाई अगदी कळवळून म्हणाल्या, "पण तो त्या यादीत नव्हताच ना! आणि पंप उत्तम चालू आहेत." दोन्ही खरं होतं. तरीही आम्ही ते अहवालात लिहिलं, कारण यादी करार करण्याआधी बघायची, असा नियम आहे. त्यांना लेखी उत्तर द्यावं लागलं: कारण काय, पुढे कोण बघणार, कधीपासून. अकरा दिवसांच्या फरकासाठी त्या टाउनशिपचं नाव कायमचं सार्वजनिक नोंदीत गेलं. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. आणि इथे ग्रुपवर लिहिलं जातं, हिशेब कुणी मागितला नाही.

हिशेबात भोकं आहेत का? आहेत. रेव्हेन्यू लॉसच्या रस्त्याने गेलेल्या पैशांपुढे कित्येक गावांनी नुसतं 'सरकारी सेवा' असं लिहून मोकळं केलं आहे. दोन शब्दांत लाखो डॉलर. हे मला संतापजनक वाटतं. पण मग तक्रार अशी नेमकी करायला हवी.

"कोविड संपला तरी चालूच" याचं उत्तर तारखांमध्ये आहे. सार्वजनिक आरोग्य आणीबाणी ११ मे २०२३ ला संपली हे खरं. पण कायदा आणि ट्रेझरीचे नियम मिळून मुदतच अशी होती की ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करार करून, ऑर्डर देऊन पैसे बांधून टाकायचे आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ते प्रत्यक्ष चुकते करायचे. पहिल्या तारखेपर्यंत जे बांधले नाहीत ते ट्रेझरीला परत. मुख्य जलवाहिनी सहा महिन्यांत बदलत नाही. त्याचा आराखडा, परवानगी, निविदा आणि खोदाई यांतच दोन-तीन वर्षं जातात. २०२५ मध्ये बिल आलं म्हणजे कुणी तेव्हा नव्याने पैसे उडवले असं होत नाही.

राहिली महागाई. पूर्ण रेस्क्यू प्लॅन सुमारे १,९०० अब्ज डॉलरचा होता आणि एवढ्या मोठ्या रकमेने किंमती वाढल्या का, हा वाद खरा आहे. त्यात शहरांचा आणि गावांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आत, आणि तोही कित्येक वर्षांत पसरलेला. त्यावर किराण्याचं अख्खं बिल लादता येणार नाही.

ज्यांना खरंच जाब विचारायचा आहे त्यांच्यासाठी एक सुचवते. टाउनशिपच्या कौन्सिलच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ देतात. आमच्याकडे माणसी पाच मिनिटं असतात आणि मराठी माणूस तिथे क्वचितच उठतो. तिथे दोनच प्रश्न विचारा. आपल्या गावाने किती रक्कम रेव्हेन्यू लॉस म्हणून दाखवली? आणि 'सरकारी सेवा' असं जिथे लिहिलंय, त्या पैशांतून नेमकं काय घेतलं? उत्तर मिळालं की ते ग्रुपवर टाका. त्याखाली मी स्वतः 'सगळ्यांना पाठवा' असं लिहीन.