भेंडी, भाषा दिन आणि सहा-सहा-सहा-चार

सोसायटीच्या ग्रुपवर अंगठा टाकायच्या आधी वरचा मेसेज पूर्ण वाचावा, एवढी अक्कल मला या फेब्रुवारीत आली. मला वाटलं टँकरचा मेसेज आहे. तो निघाला '27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, मुलांकडून स्वरचित कविता बसवून घ्यायला कोण तयार आहे?' आणि खाली माझा एकटीचा अंगठा. दोन मिनिटांत सेक्रेटरींचे जोडलेले हात आले, बायकांनी धडाधड टाळ्या टाकल्या आणि आता नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

खरं सांगायचं तर कवितेशी माझा शेवटचा संबंध दहावीतला. तेव्हा संदर्भासहित स्पष्टीकरण असायचं, त्यात 'सदर ओळी कवीने अत्यंत तळमळीने लिहिल्या असून' असं लिहिलं की कविता न वाचताही पाचातले तीन मार्क पडायचे. कवी लोक इतके तळमळायचे की त्यांना झोप तरी लागत असेल का, असं वाटायचं.

तर रविवारी पाच वाजता क्लबहाऊसमध्ये नऊ पोरं आली, वय वर्षं आठ ते तेरा, त्यातली सात इंग्लिश मीडियमची, आणि एक माझीच कन्या, जी 'मी हिला ओळखत नाही' असा चेहरा करून शेवटच्या खुर्चीत. मी घरून तयारी करून गेले होते. म्हटलं आधी कवींची ओळख करून द्यावी, मुलांना गोडी लागेल. कुसुमाग्रजांचा 1912 मधला जन्मदिवस म्हणून हा दिवस, त्यांचं नाव शिरवाडकर, पण बहिणीचं नाव कुसुम, तिचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. यावर तिसऱ्या मजल्यावरचा म्हणाला, "काकू, मला बहीण नाही, पण ब्रुनो आहे, मग मी ब्रुनोग्रज?" झालं. पुढची दहा मिनिटं सगळ्यांची टोपणनावं पाडण्यात गेली.

मग मी बालकवींकडे वळले. म्हटलं बघा, तुमच्याहून थोडेसेच मोठे, सोळा-सतराचे असतील, 1907 ला जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली. कुणाला काही नाही. फक्त एकाने विचारलं, पुढे काय झालं त्यांचं? आणि मी बावळटासारखं खरं सांगून बसले की 1918 मध्ये रेल्वेखाली सापडून गेले, अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. सगळा हॉल एकदम जागा. कुठली ट्रेन, कुठलं स्टेशन, हॉर्न नाही का वाजवला. फुलं-पाखरं-झऱ्यांवर इतकं सुंदर लिहिलं बिचाऱ्याने, आणि पोरांना हवा ट्रेनचा नंबर. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात गाणी रचायच्या आणि मुलगा लिहून घ्यायचा, हे सांगितलं तर कन्या शेवटून म्हणाली, "म्हणजे व्हॉइस टायपिंग." चूक तरी कसं म्हणू?

शेवटी म्हटलं लिहाच. विषय पाऊस. (विषय पाऊसच का, तर आम्हालाही पाऊसच दिला होता.) नवांपैकी सहा जणांनी 'पाऊस पडतो धो धो' लिहिलं, त्यातल्या दोघांनी इंग्लिश अक्षरांत. ब्रुनोग्रज मात्र चार मिनिटांत बारा ओळी घेऊन उभा, 'नभांगणी मेघांचे गूढ स्पंदन' वगैरे. नभांगण म्हणजे काय रे? "माहीत नाही काकू, चॅटजीपीटीला माहितीये." मला राग येण्यापेक्षा धक्का बसला, कारण हुबेहूब माझी दहावीची उत्तरपत्रिका होती ती. तळमळ पूर्ण, पाऊस कुठेच नाही.

आता काय करावं तर अचानक शाळेतलं अभंगाचं माप आठवलं. फळ्यावर लिहिलं 6-6-6-4. पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळलं पाहिजे. ही पोरं देहूला सहलीला जाऊन आलेली, पण तिथे नुसते फोटो काढलेले. "काकू, हे तर रॅप आहे!" एक जण ओरडला आणि मग जे काही सुरू झालं ते आवरेना, सगळ्यांची बोटं हवेत, कोण कुजबुजतंय, कोण टेबल बडवतंय, 'स्क्रीनटाइम' पाच अक्षरी की सात यावरून मारामारी, कारण स्क्री मध्ये किती तरी अक्षरं कोंबलेली आहेत. जोडाक्षर एकच मोजायचं, असा निकाल मी दिला. आयुष्यात पहिल्यांदा व्याकरणावरून कुणी माझ्याकडे न्याय मागायला आलं होतं हो! विषय काहीही घ्या म्हटलं. तिथे माझं चुकलं.

कारण जी कन्या तासभरात जेमतेम एकदाच बोलली होती ती उठली आणि न्यायला आलेल्या सगळ्या आयांसमोर खणखणीत म्हणाली:

भेंडीची ती भाजी
पुन्हा आली आज
आईला ना लाज
थोडीसुद्धा

मी आधी बोटं मोजली. सहा, सहा, सहा, चार. आज-लाज, यमक चोख. बोलायला जागाच नाही ठेवली कार्टीने. टाळ्या अशा पडल्या की वॉचमन काका धावत आले.

27 तारखेला तेच म्हटलं गेलं, वन्समोअर मिळाला, आणि नवऱ्याने व्हिडिओ काढून माझ्या सासरच्या ग्रुपवर टाकला, जिथे सासूबाईंनी नुसता एक अंगठा पाठवला. आता तो त्यांनी मेसेज वाचून टाकला की न वाचता, हे विचारायची माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर अर्धा किलो भेंडी धुऊन पुसून चिरलेली. टाकून थोडीच देणार? केली. टेबलावर कन्येने डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक अक्षर न बोलता बोटं मोजायला लागली.