उत्तराला हसण्यापूर्वी

महाभारताच्या विराटपर्वातल्या राजपुत्र उत्तराला आपण केवळ हसण्याचा विषय करून ठेवले आहे, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठवाड्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. एखाद्या कीर्तनात गोग्रहणाची कथा निघाली की अंतःपुरात बढाया मारणारा आणि कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळणारा उत्तर उभा केला जातो, मंडपात हशा पिकतो आणि कथा अर्जुनाच्या पराक्रमाकडे वळते. पैठणच्या मुक्तेश्वरांनी, म्हणजे एकनाथांच्या दौहित्राने, जे पर्व ओवीत आणले, त्यातले हे पोर आपल्या भागात तरी नीट समजून घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तराचे वडील विराट राजा सेना घेऊन त्रिगर्तांचा राजा सुशर्मा याच्या मागे गेले होते. कौरवांनी 60,000 गायी वळवून नेल्याची खबर आली तेव्हा राजधानीत तळहाताच्या फोडासारखा जपलेला हा मुलगाच काय तो उरला होता. सारथी मिळत नाही, ही त्याची पहिली सबब होती. बृहन्नडा, म्हणजे अज्ञातवासात वेष पालटून राहिलेला अर्जुन, सारथी म्हणून मिळाली तेव्हा ती सबबही संपली. पुढे भीष्म, द्रोण, कर्ण समोर दिसताच अंगावर काटा येऊन तो म्हणतो की वडील सगळी सेना घेऊन गेले आहेत, मी एकटा आहे आणि शस्त्रविद्येचे कष्ट मी केलेले नाहीत. मला तर हे त्याचे पहिले खरे बोलणे वाटते. अर्जुनाने शंभर पावले धावून त्याला केसांना धरले, तेव्हा सुटकेसाठी त्याने शंभर सुवर्णनिष्क, आठ वैडूर्यमणी आणि दहा हत्ती देऊ केले. कारण अडचण आली की घरच्या वैभवातून काहीतरी देऊन ती दूर करायची, एवढेच त्या लेकराला आजवर ठाऊक होते.

इथे अर्जुनाचे वागणे बारकाईने पाहावे. त्याने उत्तराला भित्रा म्हणून हाकलून दिले नाही आणि तू फार शूर आहेस असे सांगून फुगवलेही नाही. तुला लढवत नसेल तर लगाम धर, लढतो मी, असे तो म्हणाला. मग त्याने उत्तराला शमीच्या झाडावर चढवले. वर प्रेत बांधल्याचे ऐकले आहे, राजपुत्राने त्याला शिवायचे कसे, असे उत्तर म्हणाला, तेव्हा ती पांडवांनी लपवलेली धनुष्ये आहेत, प्रेत नव्हे, असे अर्जुनाने समजावले. ऐन युद्धातही उत्तराचा धीर एकदा सुटला, पण अर्जुनाने तेव्हाही त्याला सावरले.

आपण मुलांना हे देतो का? एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून वडील जागा धरतात आणि सोळा वर्षांचा मुलगा दप्तरही त्यांच्याच खांद्यावर देऊन सावलीत उभा असतो. लातूरला शिकवणीसाठी खोली घेतली की आई स्वयंपाकाला सोबत जाते. यात माया आहे, आणि मायेला मी नावे ठेवणार नाही. परंतु हाच मुलगा पुढे पुण्याच्या वसतिगृहातून आठवड्यात परत आला की त्याला नेभळट म्हणणाऱ्यांत तेच काका, तेच मामा पुढे असतात, ज्यांनी त्याला कधी विहिरीत उतरू दिले नाही की एकट्याने बाजार करू दिला नाही, याची मला चीड येते. भीती त्याची असली तरी ती पोसली आपण. दसऱ्याला शमी पुजून सीमोल्लंघन करताना तरी मुलांना झेपेल असे एखादे जोखमीचे काम त्यांच्या हाती द्यावे आणि आपण जवळ उभे राहावे.

विजय झाल्यावर, तूच जिंकलास असे वडिलांना सांग, अशी मुभा अर्जुनाने दिली होती, तरी उत्तराने ते श्रेय घेतले नाही. हे काम एका देवपुत्राचे, असे त्याने भरसभेत सांगितले. पुढे कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो हत्तीवरून कौरवांच्या बाजूने लढणाऱ्या शल्यावर चालून गेला, शल्याच्या रथाचे घोडे त्याने मारले आणि शल्याने फेकलेल्या शक्तीने, म्हणजे भाल्यासारख्या शस्त्राने, तो पडला. त्याच्या मरणाचा गौरव मला करायचा नाही, पण त्या दिवशी त्याला कोणी केसांना धरून आणले नव्हते. कीर्तनकार महाराजांना माझी विनंती आहे की उत्तराच्या पळण्यावर मंडप हसला, की त्याच बैठकीत भीष्मपर्वातला हा प्रसंगही सांगावा.